अपंगांचें बिऱ्हाड

मनमाडहून निघालेली गाडी छत्रपती संभाजीनगरचें, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचें, मोठें स्टेशन सोडून पूर्वेस निघाली कीं थोड्याच वेळांत मुकुंदवाडी हें लहानसें स्टेशन लागतें. एके काळीं हें शहराबाहेरचें खेडें होतें. १९७० नंतरच्या दशकांत सिडको ह्या सरकारी महामंडळानें शेजारीं नवें शहर वसविण्यास घेतलें, जालना रस्त्याच्या बाजूनें चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत वाढली, आणि १९८२ सालीं शहरास महानगरपालिका आली. जुनें गांवठाण मधल्या मध्यें सांपडलें आणि त्याच्या भोंवतीं कामगारांच्या भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. २०१९ सालीं ह्या भागांतील लहान मुलें रिकामीं भांडीं घेऊन आगगाडीनें शहराच्या मोठ्या स्टेशनावर जात आणि तेथें पाणी भरून परत येत, ही बातमी देशोदेशींच्या वर्तमानपत्रांतून छापून आली होती. जाऊन येऊन चौदा किलोमीटरांचा तो प्रवास. ज्या वस्तींत धडधाकट मुलांना पाण्यासाठीं रेल्वेचा डबा चढावा लागला, त्या वस्तींत चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्या मनुष्यानें बिऱ्हाड कसें करावें?

श्रोतेहो, हा प्रश्न एका मुकुंदवाडीचा नव्हे. २०११ च्या खानेसुमारींत महाराष्ट्रामध्यें सुमारें २९ लक्ष ६३ हजार अपंग नोंदले गेले. परंतु अशा दाट आणि घाईनें वाढलेल्या वस्तींत तो अधिक उघडा दिसतो. यंत्रांत पाय गमावलेला कामगार, पोलिओमुळें लहानपणींच कुबड्या घेतलेला पदवीधर, दृष्टि गेलेली एकटी बाई, ह्यांना राजवाडा नको असतो. तळमजल्याची खोली, खुर्ची आंत जाईल एवढें दार, हात पोंचेल असा नळ, वापरतां येईल असें शौचकूप, आणि घरमालकाची मर्जी, इतकीच त्यांची मागणी असते. ही मागणी कोणाकडे करावयाची, कोणत्या कचेरींत कोणता कागद लागतो, नकार आला तर पुढें कोणतें दार ठोठवावें, हें नीट सांगणारा मनुष्य मिळणें खोली मिळण्याइतकेंच कठीण पडतें. निवाऱ्याचा इतिहास आपल्याकडे इमारतींचा आणि दात्यांचा म्हणून सांगतात. आज तो ह्या दुसऱ्या अंगानें, वाट विचारणाऱ्याच्या आणि वाट दाखविणाऱ्याच्या अंगानें, पाहण्याचा माझा विचार आहे.

जुन्या काळीं अपंगाचें घर म्हणजे त्याच्या बापाचें, आणि पुढें भावाचें घर. ओसरीचा एक कोपरा त्याचा, आणि घरांतील बायकांच्या कष्टांवर त्याचा निर्वाह. राजसत्ता त्यास मदत करी ती पैशाची. प्रतापगडच्या लढाईनंतर जखमी शिपायांना जखम पाहून कमीअधिक होन बक्षीस दिल्याचें सभासदाच्या बखरींत नमूद आहे. पैसा घेऊन शिपाई आपल्या गांवीं जाई, आणि तेथून पुढें तो आणि त्याचे भाऊबंद. ज्यास भाऊबंदच नाहींत त्यानें देवळाची ओवरी किंवा फकिराचा तकिया गांठावा. औरंगाबाद शहरांतील पाणचक्की पाहण्यास आपल्यापैकीं पुष्कळजण गेले असतील. डोंगरांतून नळानें आणलेल्या पाण्यावर फिरणारी ती चक्की बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याशीं जोडलेली होती, आणि तिच्यांत दळलेलें पीठ फकिरांच्या व वाटसरूंच्या मुखीं जाई. अशा ठिकाणीं भाकरी मिळे, रात्रीपुरती पथारी मिळे. राहण्याचा हक्क मात्र कोणाचाच नसे, आणि तो मागण्याची कल्पनाही कोणाच्या मनांत येत नसे.

अपंगासाठीं वेगळी इमारत बांधण्याची पद्धति आली ती इंग्रजी अमदानींत, आणि प्रथम ती आली भीतीच्या पोटीं. मुंबईच्या रस्त्यांवर भीक मागत फिरणाऱ्या महारोग्यांमुळें नागरिक धास्तावले होते. त्या वेळचे म्युनिसिपल कमिशनर अ‍ॅकवर्थ यांनीं १८९० सालीं माटुंग्यास बेघर महारोग्यांसाठीं आश्रयस्थान काढलें. पुढें त्याचें इस्पितळ झालें आणि तें त्यांच्याच नांवानें ओळखलें जाऊं लागलें. अ‍ॅकवर्थ यांच्या मनांत दया होती याविषयीं मला शंका नाहीं. परंतु १८९८ सालीं महारोग्यांसंबंधीं जो कायदा झाला त्याची भाषा दयेची नव्हती. उपजीविकेचें साधन नसलेला महारोगी दिसतांच पोलिसानें त्यास वॉरंटावांचून पकडावें, आणि मॅजिस्ट्रेटानें त्यास आश्रयस्थानीं धाडावें, अशी त्यांत योजना होती. अपंगांना छप्पर देण्याचा विचार ज्या कायद्यांनीं आपल्याकडे आरंभीं केला, त्यांपैकीं हा एक. त्यांत छप्पर होतें, अन्न होतें, औषध होतें, फक्त "तुला कोठें राहावयाचें आहे" हा प्रश्न कोणीं कोणास विचारण्याची जागा नव्हती.

अंध आणि मूकबधिर यांच्या वांट्यास ह्याहून सौम्य व्यवस्था आली. १८८५ च्या सुमारास मुंबईंत मूकबधिरांची शाळा निघाली. १९०० सालीं अमेरिकन मिशनच्या मिस मिलार्ड यांनीं अंधांची शाळा काढली, १९०२ मध्यें व्हिक्टोरिया राणीच्या स्मारकाची अंधशाळा झाली, आणि पुण्यास १९३४ सालीं जी संस्था निघाली तिच्या इंग्रजी नांवांतच "शाळा" आणि "घर" हे दोन्ही शब्द होते. पहिल्या महायुद्धांत हातपाय गमावलेल्या शिपायांना उद्योग शिकविण्यासाठीं १९१७ सालीं मुंबईंत राणी मेरीच्या नांवानें शाळा निघाली व ती पुढें खडकीस आली. ह्या संस्थांनीं फार मोलाचें काम केलें आहे. परंतु वसतिगृह हें विद्यार्थ्याचें असतें. सतराअठरा वर्षांचा मुलगा वेत विणण्यांत किंवा पेटी वाजविण्यांत तरबेज होऊन फाटकाबाहेर पडला म्हणजे त्यास खोली कोण देणार, ह्याचें उत्तर शाळेपाशीं नसे.

खरी नवी गोष्ट घडली ती विदर्भांत. वर्ध्याजवळ दत्तपूर येथें मनोहरजी दिवाण यांनीं १९३६ सालीं महारोग्यांच्या सेवेचें काम आरंभिलें. अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनीं १९४६ सालीं तपोवन उभें केलें. आणि १९४९ सालीं महारोगी सेवा समिति स्थापून बाबा आमटे यांनीं वरोऱ्याजवळची खडकाळ, झुडुपांनीं भरलेली पन्नास एकर जमीन सरकारकडून मिळविली. साधनाताई, दोन लहान मुलगे, सहा रोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि खिशांत चौदा रुपये, एवढ्या सरंजामावर आनंदवनाचा संसार सुरू झाला, ही हकीकत महाराष्ट्रांत घरोघर माहीत आहे. त्या हकीकतींतील एका मुद्द्याकडे मात्र जावें तितकें लक्ष जात नाहीं. डॅप्सोनसारखीं औषधें आल्यानंतर महारोग बरा होऊं लागला होता. रोगी बरा झाला, दाखला मिळाला, आतां त्यानें घरीं जावें, असा वैद्यकाचा हिशेब. पण घर त्यास घेत नव्हतें. झडलेलीं बोटें पाहून गांव दार लावून घेई. तेव्हां इस्पितळ म्हणून जें निघालें त्याला गांव व्हावें लागलें. रोग्यांनीं विहिरी खणल्या, शेतें केलीं, आपल्याच थोट्या हातांनीं भिंती उभ्या केल्या. त्यांचीं लग्नें झालीं, त्यांना स्वतःचीं चुलीघरें मिळालीं. अंधांची व मूकबधिरांची शाळा, अपंगांसाठीं उद्योगशिक्षण, हीं मागाहून त्याच गांवांत आलीं.

माझ्या मतें आनंदवनाचें सर्वांत मोठें काम हें चुलीचें आहे. भंडाऱ्याच्या पंगतींत बसून जेवणें निराळें, आणि आपल्या घरीं आपल्या हातानें, कशीही जमो, भाकरी थापणें निराळें. तरीसुद्धां एक गोष्ट विसरून चालणार नाहीं. हें गांव वसलें तें इतर गांवांनीं घालवून दिल्यामुळें. वरोऱ्याला झालेला पराक्रम हा बाकीच्या महाराष्ट्राच्या नालायकीचाही दाखला आहे, आणि आम्ही शहरांतील लोक आनंदवनास देणगी धाडतांना ही दुसरी बाजू सोयीस्करपणें विसरतों.

ह्याच काळांत विलायतेंत निराळ्या वाटेनें तोच प्रश्न पुढें आला. विमानदलांतील नामांकित अधिकारी लेनर्ड चेशायर यांनीं १९४८ सालीं आपल्या ल कोर्ट येथील घरांत एका मरणोन्मुख रोग्यास आसरा दिला, आणि त्यांतून अपंगांसाठीं आश्रमांची एक मालिकाच निघाली. ती हिंदुस्थानांतही आली. १९५६ सालीं मुंबईंत अंधेरीस तिचें पहिलें घर झालें. आश्रम स्वच्छ, सेवक मायाळू. पण निजावें केव्हां, बाहेर जावें कीं नाहीं, पाहुणा कोण यावा, हें व्यवस्थापक ठरविणार. ल कोर्ट येथेंच राहिलेला पॉल हंट हा अपंग गृहस्थ ह्या कारभाराविरुद्ध उभा राहिला. १९७२ सालीं त्यानें एका प्रमुख वर्तमानपत्रास पत्र लिहून आश्रमांत कोंडलेल्या अपंगांस एकत्र येण्याची हांक दिली. त्या पत्रांतून जी मंडळी जमली तींत केन डेव्हिस व मॅगी डेव्हिस हें जोडपें होतें. ह्या दोघांना आश्रम नको होता, स्वतःचें घर पाहिजे होतें. खटपट करकरून १९७६ सालीं त्यांनीं डर्बीशायरच्या शेजारीं एका लहान गांवीं सहा बिऱ्हाडांची इमारत बांधून घेतली. खालचीं बिऱ्हाडें चाकाच्या खुर्चीस सोयीचीं, वरच्या मजल्यावर धडधाकट कुटुंबें, आणि वरच्यांनीं खालच्यांस लागेल तेवढा हात द्यावयाचा, असा करार. आपल्याकडील चाळींत हें न लिहितां चालत आलें आहे, असें कोणी म्हणेल. चालत आलें आहे हें खरें, परंतु चाळींत खालच्या मजल्यावरचें बिऱ्हाड मिळेल याची हमी कोणी दिलेली नसते.

इमारतीपेक्षांही मला महत्त्वाची वाटते ती त्याच वर्षीं घडलेली दुसरी गोष्ट. अपंगांच्या एका निवासगृहांतून केन डेव्हिस आणि त्याचे सोबती यांनीं टेलिफोनवरून सल्ला देण्याचा उपक्रम सुरू केला. कोणतेंही घर, कोणताही भत्ता, कोणतेंही साधन हवें असेल तर अपंगानें फोन करावा, आणि पलीकडून अपंगच बोलणार. ज्यानें स्वतः दहा कचेऱ्यांचे उंबरठे झिजविले आहेत, तो अकराव्या कचेरीचा रस्ता अचूक सांगतो. १९८५ सालीं डर्बीशायरमध्यें त्यांचें केंद्र उभें राहिलें, तेव्हां त्यांनीं अपंगाच्या सात गरजा क्रमानें मांडल्या होत्या: माहिती, सल्ला, घर, साधनें, मदतनीस, वाहन आणि सर्वत्र प्रवेश. हा क्रम सहज पडलेला नाहीं. घर तिसरें आहे. घराचें नांव घेण्याआधीं माहिती लागते, आणि माहिती पचविण्यास समदुःखी माणसाचा सल्ला लागतो, हें त्यांनीं अनुभवानें जाणलें होतें.

महाराष्ट्रांत ह्या जातीचें काम पाहावयाचें तर कोल्हापुरास जावें. नसीमा हुरजूक यांना सोळाव्या वर्षीं कमरेखालीं लुळेपणा आला. त्या खचल्या होत्या, तेव्हां त्यांना भेटले ते बाबूकाका दिवाण, स्वतः चाकाच्या खुर्चीवर बसून व्यवसाय करणारे गृहस्थ. कोणत्याही व्याख्यानानें झालें नसतें तें ह्या भेटीनें झालें, कारण समोरचा मनुष्य त्याच खुर्चींत होता. नसीमाताईंनीं पुढें सरकारी नोकरी केली आणि १९८४ सालीं कोल्हापुरांत अपंगांच्या मदतीची संस्था सोबत्यांसह स्थापन केली. तिच्या वसतिगृहाचें नांव घरौंदा. चाकाची खुर्ची कोठें अडते हें खुर्चींतून पाहिलेल्या माणसानें घर बांधण्यांत भाग घेतला म्हणजे काय फरक पडतो, हें त्या घराच्या इतिहासांत दिसतें. "चाकाची खुर्ची" हें त्यांचें आत्मचरित्र आपल्यापैकीं कित्येकांनीं वाचलें असेल. तें पुस्तक हातीं पडल्यावर वाट सांपडली, असें सांगणारे अपंग महाराष्ट्रांत भेटतात. पुस्तकही एका परीनें सल्ल्याची कचेरीच झालें म्हणावयाचें.

बुद्धीनें मंद असलेल्या मुलांच्या आईबापांची चिंता आणखी निराळी. मुलगा तीस वर्षांचा, बाप सत्तर वर्षांचा. आपल्या पश्चात् ह्याचें काय, ह्या एका विचारानें कित्येक घरांत रात्री झोप नसते. मुळशी तालुक्यांत कोळवण येथें १९९४ सालीं साधना व्हिलेज ही वस्ती निघाली, ती ह्या चिंतेला उत्तर म्हणून. मोठ्या कोठीऐवजीं लहान घरें, प्रत्येक घरांत थोडींच माणसें, आणि राहणाऱ्यांना "विशेष मित्र" म्हणावयाचें, अशी तिची रीत. स्कॉटलंडमध्यें १९४० सालीं कार्ल कोनिग यांनीं कँपहिल येथें जी सहवासाची पद्धति घातली तिच्याशीं ह्या रीतीचें नातें आहे. सरकारनेंही १९९९ सालीं अशा व्यक्तींसाठीं राष्ट्रीय न्यासाचा कायदा केला. त्याप्रमाणें जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालीं प्रत्येक जिल्ह्यांत समिति असते आणि ती पालक नेमून देते. पण आईबाप ह्या समितीपर्यंत पोंचतात ते बहुधा एखाद्या शाळेंतील बाई सांगतात म्हणून.

आतां कायद्याकडे वळूं. १९९५ च्या कायद्यानें घरासाठीं सवलतीनें जमीन देण्याचें तत्त्व मान्य केलें. २००६ सालीं संयुक्त राष्ट्रांनीं अपंगांच्या हक्कांचा करार केला, आणि हिंदुस्थानानें दुसऱ्याच वर्षीं तो मान्य केला. २०१६ सालचा कायदा त्यांतून आला. चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांसाठीं सरकारी घरकुलांच्या योजनांत पांच टक्के जागा राखून ठेवाव्या, त्यांत स्त्रियांना अग्रक्रम द्यावा, असें त्यांत स्पष्ट आहे. मला अधिक मोलाचें वाटतें तें त्याचें पांचवें कलम. अपंगास समाजांत राहण्याचा हक्क आहे, आणि अमुकच प्रकारच्या ठिकाणीं राहा अशी सक्ती त्याजवर करतां येणार नाहीं, असें तें सांगतें. १८९८ चा कायदा समोर ठेवून हें कलम वाचावें. पोलिसाच्या हातांतून सुटून स्वतःच्या पसंतीपर्यंत येण्यास एकशें अठरा वर्षें लागलीं.

पण कायदा पुस्तकांत असतो आणि बिऱ्हाड गल्लींत असतें. पांच टक्के राखून ठेवले आहेत ते सरकारी योजनांत. मुकुंदवाडींतील खोल्या खाजगी मालकांच्या. तेथें उंबरठा उतरविण्याची किंवा संडासांत दांडी बसविण्याची विनंति करावी लागते, आणि विनंति नाकारणाऱ्यास कारण द्यावें लागत नाहीं. इमारती अपंगांस सोयीच्या असाव्या ह्याचे नियमही पुष्कळ वर्षें शिफारशींच्याच पायरीवर राहिले होते. अंध असलेल्या राजीव रतुरी यांनीं २००५ सालीं सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला. त्याच प्रकरणांत नोव्हेंबर २०२४ मध्यें न्यायालयानें तो शिफारसवजा नियम रद्द ठरविला, आणि सक्तीचे नियम तीन महिन्यांत करण्यास केंद्र सरकारास सांगितलें. अर्जापासून ह्या निकालापर्यंत एकोणीस वर्षें गेलीं. तेवढ्यांत सिडकोच्या आंखीव भागाभोंवतीं किती मजले चढले असतील, हें जालना रस्त्यानें जाणाऱ्यास सांगावयास नको.

म्हणून पुन्हां सल्ल्याकडे येतों. मुकुंदवाडींतील अपंगानें आरंभ कोठून करावा? पहिला कागद अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचा, आणि त्याबरोबर देशभर चालणारें ओळखपत्र. तें सरकारी इस्पितळांत तपासणी होऊन मिळतें, आणि ह्या शहरांतील सरकारी इस्पितळ म्हणजे घाटी. टक्केवारीचा आंकडा तेथें नीट वाचून घ्यावा, कारण चाळीस आणि एकोणचाळीस ह्यांच्यामध्यें सगळी योजना उभी असते. घर मागावयाचें तर पंतप्रधान आवास योजना महानगरपालिकेंत, आणि सोडतीचीं घरें म्हाडाकडे. महानगरपालिकेनें आपल्या उत्पन्नाचा पांच टक्के भाग अपंगांसाठीं खर्चावयाचा असतो, तेव्हां ह्या पैशाचें काय झालें असें विचारण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. अपंगांच्या कामासाठीं राज्य सरकारनें डिसेंबर २०२२ मध्यें स्वतंत्र खातें काढलें, आणि त्याला दिव्यांग कल्याण विभाग असें नांव दिलें. "दिव्यांग" हा शब्द कोणास रुचतो, कोणास खटकतो. अर्जांत मात्र तोच लिहावा, कारण कारकून तोच शोधतो. कायद्याचा भंग झाला तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे पुण्यास तक्रार करतां येते, आणि ती पोस्टानेंही चालते.

ह्या सर्वांत कमी माहीत असलेलें दार न्यायालयाच्या आवारांत आहे. विधि सेवा प्राधिकरणांच्या १९८७ च्या कायद्याप्रमाणें अपंग व्यक्तीस वकील आणि कायद्याचा सल्ला विनामूल्य मिळतो, आणि इतरांस लागणारी उत्पन्नाची अट तिला लागत नाहीं. घरमालकाचा कज्जा असो, भावांनीं वडिलोपार्जित घरांतील वांटा दाबून ठेवलेला असो, कीं घरकुलाच्या यादींतून नांव गळलेलें असो, जिल्हा न्यायालयांतील ह्या कचेरींत साध्या कागदावर अर्ज करतां येतो. अर्जाबरोबर प्रमाणपत्राची नक्कल जोडावी. निघण्यापूर्वीं मात्र ती कचेरी कोणत्या मजल्यावर आहे, आणि त्या दिवशीं पाळणा चालू आहे कीं नाहीं, हें कोणाकडून तरी विचारवून घ्यावें.